गिरनारचा दगड, सोपाऱ्याचा तुकडा

तुम्ही वसई-विरारकडचे असाल आणि अकरावी-बारावीला इतिहास घेतला असेल, तर प्रोजेक्टचा विषय जवळपास ठरलेलाच असतो. वसईचा किल्ला. नाहीतर अर्नाळ्याचा. चिमाजी अप्पा, १७३९, चार फोटो, एक नकाशा, ऋणनिर्देश, स्पायरल बाइंडिंग, झालं सबमिशन. नंदाखालचा एखादा जरा वेगळा विचार करणारा असेल तर तो गावच्या पवित्र आत्म्याच्या चर्चवर प्रोजेक्ट करतो. त्याची स्थापना १५७३ ची, म्हणजे विषय काही लहान नाही. पण या सगळ्यात एक गोष्ट नकळत होते. आपल्या भागाचा इतिहास पोर्तुगिजांबरोबर बोटीतून उतरला, त्याआधी इथे नुसती वाळू आणि माड होते, असं आपल्याला वाटायला लागतं.

हा समज ज्यांनी मोडला ते गृहस्थ १८८२ च्या एप्रिलमध्ये सोपाऱ्याला एका टेकाडावर खणत होते. नंदाखालहून सायकल काढलीत तर सहज पोचाल अशी ही जागा. नाव पंडित भगवानलाल इंद्रजी. त्यांच्याकडे कॉलेजची डिग्री नव्हती. इंग्रजीत लेख लिहिण्याइतकं इंग्रजी नव्हतं. त्यांनी पहिला प्रोजेक्ट हातात घेतला तेव्हा ते साधारण तुमच्याच वयाचे होते आणि तो कुणी त्यांना दिलेला नव्हता. मार्क तर नव्हतेच.

गोष्ट सुरू होते सौराष्ट्रातल्या जुनागढला. भगवानलालचा जन्म तिथला, नोव्हेंबर १८३९ चा. घर नागर ब्राह्मणाचं, विद्येचं. वडील इंद्रजी यांनीच त्याला संस्कृत आणि वैद्यक शिकवलं. त्या काळच्या रीतीने पाहिलं तर पुढचा रस्ता सरळ होता: शास्त्री व्हायचं नाहीतर वैद्य व्हायचं. पण जुनागढ शहरातून गिरनार डोंगराकडे जाणाऱ्या वाटेवर एक प्रचंड मोठा दगड आहे. यात्रेकरू त्याच्या शेजारून जात-येत असत. दगडावर काहीतरी कोरलेलं आहे हे सगळ्यांना दिसत होतं आणि ते काय आहे हे गावात कुणालाच सांगता येत नव्हतं.

या दगडाबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण इतका भारी सिलॅबस एका जागी क्वचितच मिळतो. त्यावर तीन राजांचे लेख आहेत. पहिले सम्राट अशोकाचे, इसवी सनाच्या आधीच्या तिसऱ्या शतकातले, एकूण चौदा. मग इसवी सन १५० च्या सुमारास क्षत्रप रुद्रदामनने एका फुटलेल्या धरणाची दुरुस्ती केली आणि त्याची हकिकत त्याच दगडावर कोरून घेतली. पुढे पाचव्या शतकात, गुप्त सम्राट स्कंदगुप्ताच्या काळात तेच धरण पुन्हा फुटलं, पुन्हा बांधलं, आणि तेही तिथेच नोंदवलं गेलं. एकच दगड, सातशे वर्षं. लिपी तिन्ही ठिकाणी ब्राह्मीच, पण दर वेळी बदललेली. आजोबा, वडील आणि मुलगा यांचं अक्षर एकाच वहीत पाहावं तसं.

ब्राह्मी वाचायची युक्ती तोवर नव्याने सापडली होती. कलकत्त्याच्या टांकसाळीत काम करणाऱ्या जेम्स प्रिन्सेप नावाच्या साहेबाने १८३७ मध्ये, म्हणजे भगवानलालच्या जन्माआधी जेमतेम दोन वर्षं, अशोकाची लिपी उलगडली होती. कोणतं अक्षर कोणत्या शतकात कसं दिसायचं याचा तक्ताही त्याने केला होता. त्या तक्त्याची एक प्रत हातोहात फिरत जुनागढच्या या मुलापर्यंत पोचली. आता विचार करा, साधन काय? एक कागद आणि एक दगड. गुगल सोडा, तालुक्यात लायब्ररी नाही, आणि विचारायला जाणकार सर नाहीत.

ब्राह्मी तुम्ही कधी पाहिली नसेल तर एकदा जरूर बघा. क म्हणजे चक्क गणितातलं अधिकचं चिन्ह. ग म्हणजे घराचं छप्पर. ठ म्हणजे वर्तुळ आणि त्याच वर्तुळात टिंब दिलं की झाला थ. एका दुपारी वीसेक अक्षरं पाठ होतील, इतकी ती सोपी आहे. अवघड काम त्यानंतर सुरू होतं. दगडाला पापुद्रे सुटलेले असतात. एखादी चीर असते, ती मात्रा आहे की नुसतीच चीर, हे ठरवावं लागतं. सकाळच्या तिरप्या उन्हात जे अक्षर दिसतं ते दुपारी गायब होतं. म्हणून एकाच ओळीकडे पुन्हापुन्हा जावं लागतं. भगवानलालने हेच केलं. तो वाचत गेला, उतरवत गेला, तपासत गेला. आधीच्या लोकांनी या लेखांच्या नकला केल्या होत्या, पण त्यांत चुका होत्या आणि त्या चुकांवर विद्वानांची मोठमोठी वाचनं उभी होती. विशीही न गाठलेल्या पोराची नकल त्यांच्यापेक्षा बिनचूक ठरली. मला विचाराल तर त्यांच्या सगळ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी गोष्ट हीच. अर्थ लावायची घाई न करता आधी समोर काय आहे ते नीट उतरवून घेणं. आपण नेमकं उलटं करतो. निष्कर्ष आधी टाइप करतो आणि माहिती मग शोधतो.

ही बातमी जुनागढबाहेर गेली ती अलेक्झांडर किन्लॉक फोर्ब्ज यांच्यामुळे. गुजरातच्या इतिहासावर ‘रासमाळा’ लिहिणारे हे इंग्रज अधिकारी. त्यांनी या मुलाचं नाव मुंबईच्या डॉ. भाऊ दाजी लाड यांना कळवलं. राणीच्या बागेतलं म्युझियम ज्यांच्या नावाने आहे ते हेच भाऊ दाजी. मूळचे गोव्यातल्या मांद्र्याचे, ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीतले डॉक्टर, आणि दवाखाना सांभाळून जुन्या लेखांचा व नाण्यांचा नाद असलेले. १८६१ मध्ये त्यांनी भगवानलालना मुंबईला बोलावून घेतलं. तेव्हा त्यांना बावीस पूर्ण व्हायची होती. म्हणजे माझ्या आजच्या वयापेक्षा लहान, आणि मी अजून बायलाइनची वाट बघतेय.

मुंबईत आल्यावर जे सुरू झालं त्याला आज आपण रिसर्च असिस्टंटशिप म्हणू. भाऊ दाजी खर्च करायचे आणि भगवानलाल फिरायचे. अजिंठ्याच्या लेण्यांत जाऊन अंधारातले, अर्धवट पुसलेले लेख उतरवून आणायचे. गिरनारवरच्या रुद्रदामन आणि स्कंदगुप्ताच्या लेखांची वाचनं भाऊ दाजींनी एशियाटिक सोसायटीच्या जर्नलमध्ये प्रसिद्ध केली, ती भगवानलालच्या नकलांच्या जोरावर. लेखावर नाव भाऊ दाजींचं. ग्रुप प्रोजेक्टमध्ये कष्ट कुणाचे आणि पहिल्या पानावर नाव कुणाचं, हा वाद तुम्हाला नवा नसेल. इथे मात्र मला भाऊ दाजींना व्हिलन करावंसं वाटत नाही. त्यांनी हेरलं नसतं तर हा माणूस जुनागढमध्ये नाडी बघत बसला असता. दहा-बारा वर्षं अशी गेली आणि या वर्षांत भगवानलालनी जो हिंदुस्थान पाहिला तो त्या काळात फार थोड्या अभ्यासकांनी पाहिला असेल: राजस्थान, मध्य हिंदुस्थान, मथुरा, ओरिसातल्या उदयगिरीच्या गुंफा आणि शेवटी नेपाळ.

मथुरेला १८६९ मध्ये काय झालं ते ऐका. शीतलादेवीच्या एका ओट्याच्या पायऱ्यांमध्ये एक दगड बसवलेला होता. पाठीला पाठ लावून बसलेले दोन सिंह आणि अंगभर खरोष्ठी लिपी, म्हणजे उजवीकडून डावीकडे लिहायची ती. येणारे-जाणारे त्यावर पाय देत होते. भगवानलालनी तो ओळखला. आज त्याला मथुरेचा सिंहस्तंभशीर्ष म्हणतात आणि शकांच्या इतिहासाचं पान त्याच्याशिवाय उलटत नाही.

नेपाळच्या प्रवासात असताना, १८७४ च्या मे महिन्यात, भाऊ दाजी गेले. खर्च करणारा माणूस गेला, गुरू गेला आणि आधारही गेला. पस्तिशीही न गाठलेल्या पंडितांसमोर प्रश्न होता की पुढे काय. नाव झालं होतं ते जाणकारांच्या छोट्या वर्तुळात आणि लेख इंग्रजीत लिहिता येत नव्हते. त्यांनी मार्ग काढला तो असा: लिहायचं गुजरातीत, जसं डोक्यात येतं तसं, आणि इंग्रजी करायला मित्रांना गाठायचं. जर्मन संस्कृत पंडित गेओर्ग ब्यूलर हे त्यांतले महत्त्वाचे. नेपाळमधल्या तेवीस लेखांचा मोठा निबंध दोघांच्या नावाने १८८० मध्ये आला. भाषेच्या न्यूनगंडाने ज्यांचं सेमिनारमध्ये तोंड उघडत नाही, त्यांनी हा परिच्छेद फोनमध्ये सेव्ह करून ठेवायला हरकत नाही.

आणि ट्रेकवाल्यांनी पुढचा. नाणेघाट तुम्ही केला असेल. जुन्नरच्या बाजूने घाटाच्या तोंडाशी जी गुहा आहे, जिथे पावसात सगळे चहा पीत बसतात, तिच्या भिंतींवर सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे. यज्ञ केले, त्यांत गाई, घोडे, हत्ती, नाणी किती दान दिली याची ती यादी आहे. यादी म्हटली की आकडे आले. ते आकडेच आहेत, अक्षरं नव्हेत, आणि कोणत्या खुणेची किंमत किती, हे भगवानलालनी जुळवून दाखवलं. त्यांचा निबंध १८७६ चा. मजकुराची आणि खुणेची सांगड घालत, एक खूण दुसऱ्या लेखातल्या खुणेशी ताडत त्यांनी ते केलं. आज जगभर वापरतात ते अंक कुठून आले याची चर्चा निघाली की नाणेघाटाचं नाव निघतं, त्याच्या मुळाशी हे काम आहे.

आता सोपारा.

जेम्स कॅम्पबेल नावाचे अधिकारी तेव्हा मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचं प्रचंड काम सांभाळत होते. प्रत्येक जिल्ह्यावर एक जाडजूड ग्रंथ. नाशिकच्या पांडवलेण्यांचे लेख त्यांनी भगवानलालकडून घेतले होते. ठाणे जिल्ह्याचं काम निघालं तेव्हा सोपाऱ्याचा प्रश्न आला. जुन्या संस्कृत आणि पाली ग्रंथांत शूर्पारक नावाचं बंदर आहे. ग्रीक नाविकांच्या ‘पेरिप्लस’मध्ये त्याचा उल्लेख आहे, टॉलेमीकडेही आहे. ते हेच सोपारं, असं विद्वान म्हणत होते, पण जमिनीवर दाखवायला काय होतं? वाड्या, विहिरी, तळी आणि गावाजवळ एक मातीचं टेकाड. गावकरी त्याला बुरूड राजाचा कोट म्हणायचे. बुरूड म्हणजे बांबूच्या टोपल्या विणणारे. टेकाड लांबून पालथ्या टोपलीसारखं दिसत असेल, त्यावरून राजाची जात ठरली असावी, हा माझा अंदाज. गोष्ट खोटी असली तरी ती गावाने जपली होती आणि त्यामुळेच टेकाडही शाबूत राहिलं होतं.

भगवानलालना तो कोट वाटला नाही. त्यांना तो स्तूप वाटला. एप्रिल १८८२ मध्ये, ईस्टरच्या दिवसांत, टेकाडाच्या मधोमध खाली खणायला सुरुवात झाली. माती निघाली, विटा निघाल्या, आणि विटांच्या बांधीव पोकळीत दगडाची एक मोठी गोल पेटी लागली. पेटी उघडली तर मध्ये तांब्याचा करंडक आणि त्याच्याभोवती फेर धरून बसलेल्या ब्राँझच्या आठ बुद्धमूर्ती. तांब्याच्या आत चांदीचा, चांदीच्या आत दगडाचा, त्याच्या आत स्फटिकाचा आणि स्फटिकाच्या आत सोन्याचा करंडक. सोन्याच्या करंडकात सोन्याची फुलं, आणि त्या फुलांमध्ये मातीच्या भांड्याच्या बारीक खापऱ्या.

एवढ्या थाटामाटात ठेवलेलं काय, तर खापऱ्या! पंडितांचं मत असं की त्या बुद्धाच्या भिक्षापात्राच्या. सोपाऱ्याच्या पूर्ण नावाच्या व्यापाऱ्याने बुद्धाला इथे बोलावलं, त्याच्यासाठी विहार बांधला, अशी बौद्ध कथा आहे, आणि तिच्याशी त्यांनी हा धागा जोडला. हे सिद्ध करायचा कुठलाही मार्ग नाही. पेटीत चांदीचं एक नाणंही मिळालं, सातवाहन राजा गौतमीपुत्र यज्ञ सातकर्णीचं, म्हणजे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या शेवटाकडचं. त्या आठ मूर्ती मात्र पुढच्या अभ्यासकांनी कितीतरी नंतरच्या, आठव्या-नवव्या शतकाच्या आसपासच्या मानल्या. याचा अर्थ स्तूप मधल्या काळात कुणीतरी श्रद्धेने उघडला, मूर्ती ठेवल्या आणि पुन्हा बंद केला. सहा-सातशे वर्षं सोपाऱ्यात त्याची आठवण ठेवणारी माणसं होती. मला भिक्षापात्रापेक्षा ही गोष्ट जास्त थरारक वाटते.

आणखी एक खटकणारी बाब सांगून टाकते. आजच्या नियमाने पाहिलं तर ते खोदकाम घाईचं होतं. काही दिवसांत काम आटोपलं. कोणता थर कुठे संपतो, कोणती वस्तू किती खोलीवर होती, हे इंचाइंचाने नोंदवायची पद्धत तेव्हा इथे रुळायची होती. एकदा खणलेला स्तूप पुन्हा खणता येत नाही. त्या थरांमध्ये जे काही लिहिलेलं असेल ते गेलं. गिरनारच्या दगडाकडे भगवानलाल हवं तितक्या वेळा परत जाऊ शकत होते. सोपाऱ्याला ती सोय नव्हती.

पण सोपाऱ्याची खरी गंमत स्तूपात नाही. त्याच वर्षी गावाजवळच्या भातेला तलावाच्या बाजूला त्यांना काळ्या दगडाचा एक फुटका तुकडा मिळाला. त्यावर ब्राह्मीतल्या काही तुटक ओळी. सुरुवात नाही, शेवट नाही, राजाचं नावही धड नाही. तुम्हा-आम्हाला तो तुकडा मिळाला असता तर आपण एक फोटो काढून स्टेटसला टाकला असता. पंडितांनी ओळखलं की हा अशोकाचा आठवा शिलालेख आहे. आधीचे राजे शिकारीला आणि मौजेच्या सहलींना जात, पण आपण राज्याभिषेकाला दहा वर्षं झाल्यावर बोधिवृक्षाकडे गेलो आणि तेव्हापासून धर्मयात्रा सुरू केल्या, असं अशोक ज्यात सांगतो, तोच हा लेख.

त्यांनी तो कसा ओळखला असेल? हाच मजकूर गिरनारच्या दगडावर आहे. जुनागढच्या उन्हात ज्या ओळी त्यांनी अक्षर-अक्षर करून गिरवल्या होत्या, त्यांतलेच काही शब्द पंचवीसएक वर्षांनी, शेकडो मैलांवर, सोपाऱ्याच्या तळ्याकाठी समोर आले. वर्गात शेजारी बसणाऱ्या मित्राचा आवाज गर्दीतून अर्धा ऐकू आला तरी कळतो ना, तसं. शाळकरी वयातला प्रोजेक्ट असा बेचाळिसाव्या वर्षी कामाला आला. आणि त्या एका तुकड्याने ठरवून टाकलं की सोपारं हे नुसतं व्यापाराचं बंदर नव्हतं. आपलं म्हणणं तिथे दगडात कोरून ठेवावं इतकं ते अशोकाला महत्त्वाचं वाटत होतं.

स्तूपावर आणि या तुकड्यावर त्यांनी लिहिलेला निबंध एशियाटिक सोसायटीच्या जर्नलमध्ये आला. हॉलंडच्या लेडन विद्यापीठाने त्यांना मानद पीएच.डी. दिली. कॉलेजची पायरी न चढलेला माणूस डॉक्टर झाला आणि मुंबई विद्यापीठाचा फेलोही झाला. राहायला वाळकेश्वरला होते. घर म्हणजे नाणी, ठसे आणि हस्तलिखितं. हातात कामंही ढीगभर होती. पश्चिम क्षत्रपांच्या नाण्यांवरचा मोठा निबंध आणि गुजरातचा प्राचीन इतिहास, दोन्ही अर्धे. १६ मार्च १८८८ रोजी ते गेले. वय अठ्ठेचाळीस.

अर्धी कामं इतरांनी पुरी केली. क्षत्रपांचा निबंध ई. जे. रॅप्सन यांनी संपादित करून १८९० मध्ये छापला. गुजरातचा इतिहास १८९६ मध्ये गॅझेटिअरच्या पहिल्या खंडात आला आणि तो पुरा केला ए. एम. टी. जॅक्सन यांनी. नाव ओळखीचं वाटतंय? नाशिकच्या विजयानंद थिएटरमध्ये १९०९ मध्ये अनंत कान्हेरे यांनी ज्याला गोळी घातली तो कलेक्टर जॅक्सन हाच. टेक्स्टबुकमधली दोन वेगळी प्रकरणं अशी एका टायटल पेजवर भेटतात.

मृत्युपत्रात पंडितांनी आपली नाणी आणि मथुरेचा सिंहस्तंभशीर्ष लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला दिला. तो आजही तिथेच आहे. लुटून नेलेला नाही, मालकाने स्वतः दिलेला आहे, हे मला कळतं. तरीही तो मथुरेत नाही, मुंबईतही नाही, याचं वाईट वाटायचं राहत नाही. हस्तलिखितं एशियाटिक सोसायटीकडे गेली. सोपाऱ्याचे करंडक आणि मूर्तीही तिथेच, हॉर्निमन सर्कलसमोरच्या टाउन हॉलमध्ये. अशोकाचा तुकडा छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. चर्चगेटला उतरून एका दिवसात दोन्ही इमारती होतात. करंडक मात्र रोज उघड्यावर मांडलेले नसतात, आधी चौकशी करून जा. स्तूपासाठी तर विरार-चर्चगेट लोकलचीही गरज नाही. नालासोपारा पश्चिमेला पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात तो आहे, विटांचा, मधोमध खणल्याच्या खुणांसकट.

आणि प्रोजेक्टचा विषय शोधत असाल तर एक शेवटची माहिती. आठव्या लेखाचा तुकडा एकटा नव्हता. १९५६ मध्ये अशोकाच्या नवव्या लेखाचा तुकडा मिळाला, तो भुईगावला. तेच भुईगाव, जिथे नंदाखालची पोरं रविवारी समुद्रावर जातात. गिरनारला लेख चौदा आहेत.